टेकडीवर सायकल नेताय? आम्हाला पुन्हापुन्हा विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या टेकड्यांवर रविवारी पहाटे सायकल घेऊन जाणारे आम्ही दहा-बारा जण. गेली काही वर्षं निम्मा वेळ सायकलवर आणि निम्मा वेळ वनविभागाच्या व्हरांड्यातल्या बाकावर गेला. नवीन मुलं भेटली की तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. आमच्यात वकील कोणी नाही. जे कळलं ते कार्यालयांच्या पायऱ्या झिजवून कळलं.

टेकडी तर सरकारी आहे, म्हणजे सगळ्यांचीच. मग परवानगी कशाला?

टेकडी डोळ्यांना एक दिसते, सातबाऱ्यावर ती चार-पाच तुकड्यांत असते. काही भाग वनविभागाचा, काही महापालिकेचा, काही एखाद्या संस्थेचा, पायथ्याचा पट्टा खाजगी मालकाचा आणि पुण्यात तर कुठे ना कुठे लष्कराची हद्द लागतेच. समाविष्ट २३ गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं, सुमारे ९७८ हेक्टरांचं आरक्षण आहे. ते ऐकून लोकांना वाटतं की ही सगळी जमीन सार्वजनिक झाली. तसं नाही. आरक्षण पडलं म्हणून मालकी आपोआप बदलत नाही, आणि त्यातली बरीच जमीन खाजगी आहे.

म्हणजे आठ किलोमीटरच्या एका फेरीत तुम्ही चार जणांच्या दारातून जाता. त्यातल्या एकाने "जा की" म्हटलं, ते बाकीच्या तिघांना लागू होत नाही. लष्कराच्या हद्दीबद्दल चर्चा नाही, तिथून मागे फिरायचं.

राखीव वन, संरक्षित वन, अभयारण्य… सायकलवाल्याला काय फरक पडतो?

पुष्कळ पडतो. भारतीय वन अधिनियम १९२७ चा आहे. त्याचा ढोबळ अर्थ असा: राखीव वनात जे करायला परवानगी दिली आहे तेवढंच चालतं, बाकी सगळं बंद. कलम २६ मध्ये राखीव वनात नुसतं अनधिकृत शिरणंसुद्धा गुन्ह्यांच्या यादीत आहे. संरक्षित वनात उलटं, नियमाने जे बंद केलंय ते सोडून बाकी चालतं. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम लागतो आणि तिथे आत जायला परवाना हवा.

राखीव वनात रोज सकाळी शेकडो माणसं फिरायला जातात, ती बहुतेक ठिकाणी खात्याच्या सोसण्यामुळे. फाटकावरच्या फलकावर वेळा लिहिलेल्या असतात, खाली "वाहनांस बंदी" असतं, आणि सायकल वाहन आहे की नाही हे त्या दिवशी फाटकावर कोण उभं आहे त्यावर ठरतं. आमची सगळी खटपट ही एवढी एक ओळ स्पष्ट करून घेण्यासाठी आहे.

जमीन कोणाची हे शोधायचं कसं?

आधी फोनवर वाटेचा जीपीएस ट्रॅक काढा. मग भूमी अभिलेखाचा ऑनलाइन नकाशा उघडा आणि वाट ज्या गट किंवा सर्व्हे नंबरांतून जाते ते एका कागदावर उतरवा. प्रत्येकाचा सातबारा पाहा. वनाची जमीन असेल तर भोगवटादाराच्या रकान्यात तसं असतं. मग परिक्षेत्र कार्यालयात जाऊन त्या जागेचा कक्ष क्रमांक आणि नियतक्षेत्र विचारा. कक्ष म्हणजे खात्याने जंगलाचा पाडलेला, क्रमांक दिलेला तुकडा. नियतक्षेत्र म्हणजे बीट, एका वनरक्षकाकडचा भाग. "टेकडीवरची ती विहिरीजवळची वाट" असं सांगितलं तर साहेब चहा पाजतील. कक्ष क्रमांक सांगितला तर खुर्चीत पुढे सरकून बसतील.

जुना गावनकाशाही काढा. त्यात तुटक रेषांनी गाडीवाटा आणि पायवाटा दाखवलेल्या असतात. आम्ही नवी समजत होतो ती एक वाट तिथे निघाली. पूर्वी त्या वाटेने खालच्या गावातले लोक बाजाराला जात.

वाट इतकी जुनी आहे, तर वहिवाटीचा हक्क नाही का लागत?

शेतातल्या रस्त्याला लागू शकतो, त्यासाठी तहसीलदाराकडे दाद मागता येते. राखीव वनात मात्र नुसत्या वापराने हक्क तयार होत नाही, कलम २३ ने ते दार लावून घेतलंय. कलम २५ वाचण्यासारखं आहे. राखीव वनातली वाट खातं बंद करू शकतं, पण त्यासाठी राज्य सरकारची मंजुरी लागते आणि बऱ्यापैकी सोयीची पर्यायी वाट असावी किंवा करून द्यावी लागते. मात्र हे नोंदीतल्या वाटांपुरतं. आपण ज्यावरून सायकल हाकतो त्या बहुतेक वाटा कुठल्याच कागदावर नाहीत. त्या बंद करायला कोणाची मंजुरी लागणार? दोन काटेरी फांद्या टाकल्या की झालं.

इंग्लंडमध्ये १९६८ च्या कायद्याने घोड्यांच्या वाटांवर सायकलला हक्क दिला, घोडेस्वार आणि चालणाऱ्याला आधी वाट देण्याच्या अटीवर. स्कॉटलंडने २००३ मध्ये त्याही पुढे जाऊन बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिला, त्यात सायकलही आली. तिथले व्हिडिओ पाहून "आमचा हक्क" म्हणत कार्यालयात शिरू नका. आपल्याकडे तसा कायदा नाही.

मग मागायचं काय आणि कोणाकडे?

पहिल्या वर्षी आमची चूक झाली ती इथे. "सायकलिंगला परवानगी द्यावी" असा मोघम अर्ज आम्ही थेट वरच्या साहेबांना दिला. तो खाली फिरत फिरत पुन्हा त्याच वनरक्षकाकडे अभिप्रायाला आला, ज्याला आम्ही एकदाही भेटलो नव्हतो. त्याने काय लिहिलं असेल ते सांगायला नको.

आता उलट्या टोकाने जातो. आधी वनरक्षक, मग वनपाल, मग वनपरिक्षेत्र अधिकारी, आणि लेखी अर्ज उपवनसंरक्षकांच्या नावे. अर्ज जेव्हा अभिप्रायाला खाली येतो तेव्हा खालच्या माणसाला वाट माहीत असते आणि आपली तोंडंही.

काय मागायचं, तर तीन गोष्टी. एक, नेमक्या या वाटेवर, या कक्षांतून, या वेळेत सायकल चालेल असं फलकावर लिहा. दोन, संयुक्त वन व्यवस्थापन समिती, म्हणजे गावकरी आणि वनविभाग यांची मिळून असलेली समिती, असेल तर तिच्या सूक्ष्म आराखड्यात ही वाट घ्या. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या कार्य आयोजनेत वाटेचा उल्लेख यावा.

कार्य आयोजना म्हणजे वनविभागाचा दीर्घ मुदतीचा, साधारण दहा वर्षांचा आराखडा. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ डिसेंबर २०२३ पासून ती लागू आहे. तिच्यानुसार कार्य आयोजनेत समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयी 'वनेतर वापर', म्हणजे जंगलाची जमीन दुसऱ्याच कामाला वापरणं, मानल्या जात नाहीत. या दुरुस्तीवर पर्यावरणवाल्यांचे गंभीर आक्षेप आहेत आणि त्यातले बरेच मला पटतात. पण व्यवहारात याचा अर्थ इतकाच की आराखड्यात नाव आलं तर अधिकाऱ्याला हो म्हणायला आधार मिळतो. नाव नसेल तर चांगला अधिकारीसुद्धा तोंडी "चालू द्या" यापलीकडे जात नाही, आणि त्याची बदली झाली की ते "चालू द्या" त्याच्याबरोबर जातं. आमच्या बाबतीत हे दोनदा झालं.

महापालिकेच्या जमिनीसाठी मार्ग वेगळा: उद्यान विभाग, क्षेत्रीय कार्यालय आणि विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या की मुदतीत दिलेलं पत्र. मुदत साधारण महिनाभराची असते आणि जाहिरात सगळ्यांचं लक्ष नसताना येते.

अर्ज किती मोठा असावा?

दीड पान. सोबत नकाशा, कक्ष क्रमांक, सहा फोटो, आणि आपण काय करणार याची यादी. आवक क्रमांक टाकलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा.

गार्डने अडवलं तर?

सायकलवरून उतरा, हेल्मेट काढा, नमस्कार करा. वाद घालू नका आणि त्याचा व्हिडिओ तर अजिबात काढू नका. एका वनरक्षकाकडे शेकडो हेक्टर असतात. वणवा त्याने विझवायचा, झाडतोड त्याने थांबवायची, रात्री बाटल्या फोडणाऱ्यांना त्याने हाकलायचं. त्यात तुम्ही काळा चष्मा लावून "कुठला नियम?" विचारणार. परत फिरा, आणि सोमवारी सायकल न घेता त्याला भेटायला जा.

सायकलीने टेकडीची धूप होते, हा आरोप खरा का?

काही अंशी खरा आहे.

आमच्या बाजूचा पुरावा आधी सांगतो. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात वाटांवर कृत्रिम पाऊस पाडून एक अभ्यास झाला. आधीच ओल्या असलेल्या वाटांवर घोड्यांनी आणि चालणाऱ्यांनी सायकलींपेक्षा जास्त माती मोकळी केली. हे आम्ही अर्जाला जोडलं होतं आणि स्वतःवर खूश होतो.

जुलैमध्ये वनरक्षक आम्हाला वर घेऊन गेला. सरळ उताराच्या एका वाटेवर तो उकिडवा बसला आणि चाकाच्या खाचेत तर्जनी घातली. दुसऱ्या पेरापर्यंत बोट आत गेलं. "हे बुटाचं आहे का?" एवढंच विचारलं त्याने. मग दहा पावलं खाली नेलं. तिथे सलग समतल चर होता. डोंगराच्या समपातळीत खणलेला हा चर पाणी अडवतो, आणि खणलेल्या मातीचा बांध खालच्या अंगाला असतो. आमची वाट त्या बांधावरून जात होती. येणारा-जाणारा प्रत्येक टायर बांध थोडा थोडा दाबत होता, आणि शेवटी तिथे जेमतेम हातभर रुंद खिंड पडली होती. चरात साठलेलं सगळं पाणी त्या एका खिंडीतून खाली उडी घेत होतं. खाली मुरूम उघडा पडून ओघळ झालेला, आणि त्या ओघळाच्या तोंडाशी दोन वर्षांपूर्वी लावलेली कडुनिंबाची रोपं मुळं वर करून आडवी.

मोंटानाचा कागद खिशातच राहिला.

तेव्हापासून कळलं ते असं की प्रश्न बुटाचा की टायरचा यापेक्षा वाट कुठून काढली याचा आहे. पाणी जसं उतरतं तशीच उतरणारी वाट कोणीही वापरली तरी ओघळच होणार. वाट डोंगराला आडवी, तिरपी जायला हवी. जाणकार एक अर्ध्याचा हिशोब सांगतात: डोंगर दहा मीटरला तीन मीटर चढत असेल तर वाटेचा चढ दहा मीटरला दीड मीटरच्या आत हवा, आणि पूर्ण वाटेची सरासरी शंभराला दहाच्या आत. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवायचा, म्हणजे पाणी वाटेवरून वाहत न जाता ओलांडून जातं. चर ओलांडायचाच असेल तर एकाच जागी, दगडाची फरसबंदी करून, बांधाची उंची न मोडता. तसं एक ठिकाण आम्ही खात्याच्या देखरेखीखाली केलं. दोन पावसाळे झाले, बांध जागेवर आहे.

पावसाळ्यात चालवावी का?

मुरमाच्या वाटा पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांत निथळतात. काळ्या मातीच्या नाही. चाचणी सोपी: टायरला माती चिकटून फ्रेमला घासायला लागली की परत फिरायचं. खाच दिसत असेल तरीही परत फिरायचं. सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, पावसाळ्यात आणि फुलांच्या दिवसांत सायकल घालूच नका. बोटभर मातीत वर्षातून काही आठवडे उगवणाऱ्या वनस्पती आहेत त्या, जगात दुसरीकडे कुठे न मिळणाऱ्या काही. एक चाक फिरलं की त्या वर्षाचं बी गेलं.

फिरायला येणारे लोक आमच्यावर चिडतात. काय करायचं?

चिडतात कारण सायकल मागून आवाज न करता येते. घंटी लावा. हो, महागड्या सायकलवर ती शोभत नाही, तरी लावा. दहा मीटर आधी वाजवा, वेग चालण्याइतका करा आणि "काका, उजवीकडून येतोय" असं तोंडाने सांगा. उतारावर चढणाऱ्याला वाट द्या. आजीबाई असतील तर उतरून हाताने सायकल न्या. शेळ्या असतील तर थांबा आणि मेंढपाळ सांगेल तसं करा, कळप उधळला तर तास-तास गोळा करावा लागतो.

आणि सकाळी सहा ते आठ उताराच्या वाटा सोडून द्या. हे आमच्यातल्या वेगवाल्यांना पटायला वर्ष लागलं. पण अर्जावर रोज फिरणाऱ्या ज्येष्ठांच्या सह्या मिळाल्या त्या हे पाळल्यानंतर. आमच्या पन्नास सह्यांपेक्षा त्यांच्या आठ सह्यांकडे साहेबांनी जास्त वेळ पाहिलं.

कोणाच्या लक्षात येणार नाही अशा जागी स्वतःच एक वाट काढली तर?

लक्षात येतं. तुम्हीच ती ॲपवर टाकता.

ज्या डोंगरावर माउंटन बाइकिंगचा हा खेळ जन्माला आला असं म्हणतात, त्याची गोष्ट ऐका. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीतला माउंट टॅम. तिथल्या पोरांनी २१ ऑक्टोबर १९७६ रोजी जुन्या जाड टायरच्या सायकलींवर उताराची पहिली 'रिपॅक' शर्यत लावली. उतरताना मागचा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, त्यावरून ते नाव. पुढच्या दहा वर्षांत सायकली वाढल्या, तक्रारी वाढल्या, आणि त्याच माउंट टॅमच्या अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. उरले ते वणवा विझवायला ठेवलेले रुंद रस्ते, ताशी १५ मैलांच्या मर्यादेत. तेव्हा कुठे १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाच क्लबांनी एकत्र येऊन 'इम्बा' ही माउंटन बाइकवाल्यांची संघटना काढली. वाटा बंद झाल्यावर शहाणपण आलं, आणि काही वाटांवरचा वाद तिथे अजून चालू आहे.

ई-बाइक चालते का?

मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर मोटार वाहन नियमांत ती मोटार वाहन धरत नाहीत. पण तो रस्त्यावरचा नियम झाला. टेकडीवरच्या गार्डला मोटर दिसते, वॅट दिसत नाहीत. आमच्या अर्जात आम्ही ई-बाइक मागितलेली नाही. साध्या सायकलीचंच अजून नक्की नाही, त्यात ते गाठोडं कशाला.

अभयारण्यात किंवा माळरानावर?

अभयारण्यात परवान्याशिवाय नाही, विषय संपला. माळरान "ओसाड" दिसतं म्हणून पोरं तिथे मोकाट चालवतात. बारामती-इंदापूर भागातल्या गवताळ माळांवर लांडगे आहेत, चिंकारा आहेत, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत. गवतातून काढलेली एक चाकोरी पुढच्या आठवड्यात जीप वापरते.

मावळ-मुळशीतल्या डोंगरांवर कोणाला विचारायचं?

आधी गावाला. वनहक्क कायदा २००६ खाली सामूहिक वनहक्क मिळालेले असतील तर त्या जंगलाचं व्यवस्थापन ग्रामसभेकडे असतं. नसतील तरी सरपंच, पोलीस पाटील आणि वाटेवरच्या पहिल्या घरातली माणसं यांना न विचारता जाणं बरं दिसत नाही. देवराईतून सायकल न्यायची नाही, बाहेरून वळसा घ्यायचा. गाव नाही म्हणालं तर कारण विचारायलाही थांबू नका. नंतर कधीतरी ते स्वतःच सांगतात.

माहिती अधिकार वापरावा का?

शेवटी. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, आणि महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर, दीडशे शब्दांत. कार्य आयोजनेतल्या आपल्या कक्षाच्या पानाची प्रत मागण्यासाठी तो उत्तम आहे. "परवानगी का दिली नाही?" असं विचारण्यासाठी निरुपयोगी, कारण उत्तर येतं, "अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही". आणि ज्या कार्यालयात उद्या चहाला जायचंय तिथे आज माहितीचा अर्ज टाकला की चहा थंड होतो.

संस्था नोंदवायची का?

दहा-बारा जण असाल तर घाई नको. नोंदणी सात सदस्यांवर होते, पण मग धर्मादाय कार्यालयात दरवर्षी हिशोब आणि बदल अर्ज आले. आम्ही अजून नोंदवलेली नाही. पत्राखाली दोघांची नावं आणि फोन असतात, तेवढ्यावर चाललंय.

देशात मोठ्या स्पर्धा होतात, त्याचा आपल्याला उपयोग होतो का?

थोडा. २०२२ मध्ये लेहला एलिमिनेटर, म्हणजे बाद पद्धतीच्या माउंटन बाइक शर्यतीच्या, विश्वचषकाची फेरी झाली, २०२३ मध्ये केरळात पोनमुडीला आशियाई माउंटन बाइक स्पर्धा झाली. अधिकाऱ्याला "हा खरा खेळ आहे" हे पटवायला ती कात्रणं उपयोगी पडतात. पण स्पर्धेचा ट्रॅक चार दिवसांचा असतो. रोजच्या वाटेला रोजची मशागत लागते.

मग विश्वास बसला तो नेमका कशाने?

जाळरेषांनी. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी खातं डोंगरावर पट्टे काढतं, त्यातलं वाळलं गवत कापून-जाळून टाकतं, म्हणजे आग पलीकडे उडी मारत नाही. माणसं कायम कमी. एका जानेवारीत आम्ही चार शनिवार कोयते घेऊन गेलो. फेब्रुवारीच्या शेवटी रात्री साडेनऊला मला वनपालांचा फोन आला: "वर धूर दिसतोय, तुम्ही जवळ राहता ना?" ओल्या फांद्या घेऊन आम्ही सहा जण पोहोचलो, आग पायवाटेपाशी थांबवली. दुसऱ्या दिवशी कपड्यांचा वास गेला नव्हता, तसेच कार्यालयात गेलो. त्या दिवशी पहिल्यांदा बाकावर बसवलं नाही, आत बोलावलं.

फलकावर ओळ आली ती त्यानंतर आठ महिन्यांनी. "सायकल: फक्त बाणाने दर्शविलेल्या वाटेवर, स. ८ नंतर." एकच वाट, अडीच किलोमीटर. टेकडीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे दोनशे सायकली उभ्या राहतील.

शनिवारी श्रमदानाला यायचंय. काय आणू?

पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. फावडी आणि कुदळी आहेत, घमेली कमी पडतात, घरी असेल तर एक आणा. सकाळी सातला खालच्या फाटकाशी. सायकल घरीच ठेवा, त्या दिवशी वर न्यायची नसते.